धावपट्टी, लाख आणि रेकॉर्ड : गोंदियाचं न लिहिलेलं पुस्तक

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा. विषय आपल्या जिल्ह्याचा आहे.

कुठल्याही जुन्या मराठी वाचनालयात गेलात की दोन कपाटं हमखास दिसतात. एकात दुसरं महायुद्ध. वि. स. वाळिंबे यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा', वि. ग. कानिटकर यांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त', आणि पानं सुटी झालेल्या कितीतरी युद्धकथा. दुसऱ्या कपाटात सिनेमाचं संगीत. शिरीष कणेकरांचं 'गाये चला जा', सी. रामचंद्र यांचं आत्मचरित्र 'माझ्या जीवनाची सरगम', आणि दिवाळी अंकांतून आलेले संगीतकारांवरचे लेख. पहिल्या कपाटापाशी उभा राहणारा माणूस वेगळा आणि दुसऱ्यापाशी उभा राहणारा वेगळा, असं आपण धरूनच चालतो.

पण काही लेखक आयुष्यभर हे दोनच विषय लिहीत राहतात. पुस्तकांच्या यादीत अर्धी पुस्तकं युद्धातल्या विमानांवर, अर्धी लोकप्रिय गाण्यांच्या संगीतकारांवर. यादी वाचताना आपल्याला वाटतं, या माणसाचं नेमकं चाललंय काय? बॉम्बफेकी विमानांचा आणि चालींचा संबंध काय?

संबंध आहे. ग्लेन मिलरचंच बघा. अमेरिकेतला त्या काळचा सर्वात लोकप्रिय बँडवाला. १९४२ मध्ये चालता धंदा बंद करून तो सैन्यात गेला आणि हवाई दलासाठी बँड उभा केला. १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लंडहून फ्रान्सला निघालेलं त्याचं छोटं विमान खाडीवर बेपत्ता झालं, ते आजवर सापडलेलं नाही. त्याच्यावरचं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवाल?

माझं म्हणणं असं की ही दोन्ही कपाटं मुळात एकच आहेत. आणि हे बघायला लंडन-न्यूयॉर्कला जायची गरज नाही. गोंदियात उभं राहून ते जास्त स्पष्ट दिसतं. कारण विमानांची धावपट्टी आपल्याकडे होती, आणि गाण्याची रेकॉर्ड ज्या मालाची बनायची तो मालही आपल्याच जंगलात होता.

आधी धावपट्टीचं बघू.

गोंदियापासून साधारण १२ किलोमीटरवर, कामठ्याच्या बाजूला बिरसी आहे. आज तिथे विमानतळ आहे, वैमानिक घडवणारी संस्था आहे. दिवसभर छोटी विमानं डोक्यावरून घिरट्या घालतात. कामठ्याच्या पोराला विमानाचं आता काही कौतुक राहिलेलं नाही. पण ही धावपट्टी मुळात १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. विमानतळाच्या माहितीत ही एक ओळ असते. 'ब्रिटिशांनी १९४० मध्ये बांधला.' झालं. पुढची ओळ थेट १९९८ वर येते.

एका ओळीत सगळं युद्ध उरकलं, राजेहो!

इंग्रजांना गोंदिया का आठवलं असेल, याचं उत्तर नकाशात आहे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. आपला जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. पण जंक्शन म्हणून गोंदिया त्याआधी कितीतरी वर्षं मोठं होतं. बंगाल नागपूर रेल्वेची मुख्य लाइन इथून जायची, एका टोकाला नागपूर आणि दुसऱ्या टोकाला हावडा. शिवाय वर सातपुड्यातून जबलपूरकडे आणि खाली चांद्याकडे नॅरोगेजचे फाटे. पेट्रोल, सिमेंट, लोखंड, माणसं, काहीही आणायचं तर गाडी दारापर्यंत येते. समुद्रकिनाऱ्यापासून दूर, म्हणून शत्रूच्या जहाजांचा धोका नाही. जमीन सपाट. धानाच्या बांध्या मोडल्या की धावपट्टी काढता येते. त्या बांध्या कोणाच्या होत्या, ते पुढे बघू.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरलं आणि सगळं पालटलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे जपानी बॉम्ब पडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर पडले. मग इंग्रज सरकारनं विमानतळं बांधायचा धडाका लावला. दोन वर्षांच्या आत देशभर दोनशेहून जास्त धावपट्ट्या आणि तळ उभे राहिले किंवा वाढवले गेले. आपल्याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला खरगपूर, चाकुलिया, दुधकुंडी, पियारडोबा इथे अमेरिकेच्या बी-२९ या त्या काळच्या सर्वात मोठ्या बॉम्बफेकी विमानांचे तळ झाले. ५ जून १९४४ ला त्यांनी पहिली मोहीम काढली ती तिथूनच, बँकॉकवर. गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवरून जी गाडी हावड्याला जाते, ती आजही खरगपूरवरूनच जाते.

आपल्या मराठी माणसांची नावंही या गोष्टीत आहेत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. तोही सरकारनं युद्धकामी ताब्यात घेतला आणि तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती सुरू झाली. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर १९४० मध्ये हवाई दलात दाखल झाले आणि १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. अशी नावं पुस्तकांत मिळतात आणि मिळायलाच हवीत.

पण धावपट्टी बांधणारी माणसं कुठल्या पुस्तकात आहेत? आसाम-बंगालमधल्या तेव्हाच्या तळांचे फोटो बघा. रोलरच्या पुढे डोक्यावर गिट्टीची टोपली घेतलेल्या बायकांची रांग दिसते. फोटोखाली विमानाचं मॉडेल लिहिलेलं असतं, तुकडीचा नंबर लिहिलेला असतं, क्वचित वैमानिकाचं नावही असतं. बायकांचं नाव कधीच नसतं.

आणि ही विमानं फक्त जपान्यांवर गेली असंही समजू नका. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' पेटलं. १६ ऑगस्टला आपल्या विदर्भात चिमूर आणि आष्टी इथे उठाव झाला. तुमसरलाही त्याच महिन्यात गोळीबार झाला. तुमसर म्हणजे तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्यातलं. त्याच दिवसांत बिहारकडे रेल्वेमार्ग उखडणाऱ्या जमावांवर विमानातून मशीनगन चालवायला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी परवानगी दिली होती. म्हणजे ज्यांच्या शेतातून धावपट्ट्या गेल्या, त्याच लोकांवर विमानं फिरली. युद्धातल्या विमानांचा भारतीय इतिहास लिहायचा तर हे पानही त्यात यायला हवं. नुसत्या शौर्यकथा लिहून भागणार नाही.

आता दुसरं कपाट उघडू.

गोंदिया हे नाव कशावरून पडलं? जिल्ह्याच्या माहितीत सांगतात की जंगलातले गोंड लोक डिंक म्हणजे गोंद आणि लाख इथे विकायला आणायचे, त्यावरून हे नाव आलं. आपल्याकडे पळस भरपूर. फाल्गुनात जंगल कसं लाल होतं ते सांगायला नको. याच पळसावर, बोरीवर आणि कुसुमाच्या झाडावर लाखेचा किडा बसतो. फांदीभोवती राळेसारखा थर तयार होतो. ती काडी तोडायची, लाख खरवडायची, धुवायची, वितळवायची आणि पातळ पापुद्रे करायचे. तो झाला चपडा. बांगड्यांना लागतो, फर्निचरच्या पॉलिशला लागतो, टपालाच्या सीलला लागतो.

आणि गाण्याच्या रेकॉर्डला लागायचा.

जुनी ७८ ची रेकॉर्ड, हातातून पडली की खळ्ळकन फुटणारी, ती प्लॅस्टिकची नव्हती. दगडाची बारीक भुकटी, काजळी, थोडे कापसाचे तंतू आणि हे सगळं बांधून ठेवणारी लाख, असा तो मसाला. साधारण पाव हिस्सा लाख. जगातली बहुतेक लाख भारतातून जायची आणि तिची मोठी बाजारपेठ होती कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचा कारखानाही कलकत्त्यालाच, आधी सियालदा, मग दमदम. दमदम म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो. दारूगोळ्याचा कारखाना तिथेच, विमानतळ तिथेच आणि रेकॉर्डचा कारखानाही तिथेच! दोन कपाटं एकच आहेत असं मी म्हणतो ते असं.

म्हणजे बालगंधर्वांचा आवाज असो की कुंदनलाल सैगलचा, तो घरात फिरायचा तो जंगलातल्या किड्याच्या राळेवर. कुठल्या रेकॉर्डमध्ये कुठल्या पळसाची लाख होती याचा हिशेब कोणी ठेवत नसतो. पण झाडावर चढून काडी तोडणारा आदिवासी माणूस त्या गाण्याच्या व्यवहारात पहिला होता, आणि पैशाच्या वाटणीत शेवटचा.

युद्ध आलं तशी लाखेला दुसरी गिऱ्हाइकं भेटली. दारूगोळ्यावर लेप द्यायला लाख, विजेच्या उपकरणांच्या इन्सुलेशनला लाख, वॉर्निशला लाख. अमेरिकेत एप्रिल १९४२ मध्ये सरकारनं हुकूम काढला आणि रेकॉर्ड कंपन्यांना मिळणारी लाख एकदम ७० टक्क्यांनी तोडली. भारताकडून येणारा माल समुद्रातल्या युद्धातून पोहोचेल याचा भरवसा नव्हता आणि जो होता तो सैन्याला हवा होता. लोकांना सांगितलं गेलं, जुन्या, फुटक्या रेकॉर्डी परत करा, त्या दळून नव्या करू. आपल्या पळसावरचा किडा कमी पडला म्हणून न्यूयॉर्कच्या दुकानात नवीन गाणं मिळेना. एवढी त्या किड्याची ताकद होती.

मग त्यांनी पर्याय शोधला. सैनिकांना पाठवायच्या रेकॉर्डी विनाइलच्या काढल्या. हलक्या, न फुटणाऱ्या, विमानातून कुठेही टाकता येणाऱ्या. १९४३ पासून अशा रेकॉर्डी जगभरच्या छावण्यांत गेल्या. युद्ध संपलं आणि १९४८ मध्ये विनाइलचीच लॉंगप्ले बाजारात आली. आपल्याकडे लाखेची ७८ ची रेकॉर्ड आणखी वीसेक वर्षं रेटली, पण लाखेचा तो बाजार गेला तो गेलाच. संगीताच्या पुस्तकांत लॉंगप्लेचं आगमन म्हणजे प्रगतीचा टप्पा. लाख गोळा करणाऱ्याच्या हिशेबात तेच मोठं गिऱ्हाईक हातातून जाणं. घटना एकच. कुठे उभं राहून बघता त्यावर अवलंबून आहे.

आता संगीतकारांकडे येऊ. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचं सुरुवातीचं संगीत शिक्षण आपल्या नागपुरात झालं, शंकरराव सप्रे यांच्याकडे. वसंतराव देशपांडेही तिथलेच विद्यार्थी. नागपूर गोंदियापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पुढे या दोघांच्या वाटा बघा. वसंतरावांनी अर्धं आयुष्य पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. एवढा मोठा गवई आणि दिवसभर सैन्याची बिलं तपासतोय! त्या पिढीला युद्धानं आणि लष्करानं पगार दिला, हे आपण विसरतो.

सी. रामचंद्र यांचा संगीतकार म्हणून जम बसला तो ऐन युद्धात. १९४२ चा 'सुखी जीवन' भगवानदादांबरोबरचा. तेव्हा सिनेमावर युद्धाचं सावट होतं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तिचं रेशनिंग झालं. मोठ्या सिनेमाची लांबी ११ हजार फुटांवर आणली. फिल्म कमी, गिऱ्हाईक मात्र भरपूर, कारण युद्धाच्या कंत्राटांचा पैसा बाजारात खुळखुळत होता. त्याच पैशानं महागाई भडकली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागे युद्धखर्चातून आलेली ही महागाई मोठं कारण होती, हे अमर्त्य सेन यांनी मांडलं आहे. धावपट्टीवरची मजुरी, थिएटरातली गर्दी आणि भाताचा भाव, तिन्हीत एकच पैसा फिरत होता.

त्याच काळात, जानेवारी १९४३ मध्ये, 'किस्मत' आला. संगीत अनिल विश्वास यांचं. त्यातलं कवी प्रदीप यांचं देशभक्तीपर गाणं सेन्सॉरच्या नजरेतून सुटलं, कारण त्यात शत्रू म्हणून जर्मन आणि जपानी यांची नावं घातली होती. इंग्रज अधिकाऱ्याला वाटलं, आपल्याच बाजूचं गाणं आहे. थिएटरातल्या माणसाला बरोबर कळलं की कोणाला चालते व्हा म्हटलंय. पुढे अटकेच्या भीतीनं प्रदीप यांना भूमिगत व्हावं लागलं. युद्धाची सेन्सॉरशिप समजल्याशिवाय हे गाणं कसं समजणार?

निर्मात्यांना युद्धप्रयत्नांना पूरक सिनेमे काढायला लावलं जात होतं. व्ही. शांताराम यांनी त्या चौकटीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट बसवली. जपानी हल्ल्यात होरपळणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये जे पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. १९४६ च्या त्या चित्रपटाला संगीत दिलं सावंतवाडीकडच्या वसंत देसाई यांनी. मदनमोहन १९४३ मध्ये सैन्यात अधिकारी म्हणून गेले आणि युद्ध संपल्यावर बाहेर पडले. खय्याम यांनीही युद्धकाळात सैन्यात नोकरी केली. अशा चरित्रांत युद्धाला दोन ओळी मिळतात आणि पुढचं पान लगेच 'मग ते मुंबईला आले' असं सुरू होतं.

१९४९ च्या 'पतंगा'मधलं रंगूनहून आलेल्या टेलिफोनचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. सी. रामचंद्र यांची चाल, शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांचा आवाज. नवरा ब्रह्मदेशात, बायको डेहराडूनला. लग्नात वाजतं, आपण हसतो. पण ते गाणं येण्याच्या सात वर्षं आधी त्याच रंगूनहून चार-पाच लाख भारतीय जीव मुठीत धरून निघाले होते, बरेचसे पायी, आसामच्या जंगलातून. कितीतरी हजार वाटेत मेले. मग तिकडे फौजा गेल्या. घरोघरी कोणीतरी 'बर्माला' होतं. १९४९ चा प्रेक्षक त्या विनोदावर हसला, कारण रंगूनहून बातमी यायची वाट बघणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. आपण आज फक्त ठेका ऐकतो.

आणि तो ठेका तरी कुठून आला? युद्धात मुंबई-कलकत्त्याची हॉटेलं गोऱ्या अधिकाऱ्यांनी भरली, त्यांना नाचायला बँड हवे होते. गोव्याच्या वादकांना काम मिळालं. चिक चॉकलेट म्हणून ओळखला जाणारा ट्रंपेटवादक अँतोनियो शाविएर वाझ त्यांतला एक. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत त्याचा मोठा वाटा. १९५१ च्या 'अलबेला'त तो बँडसकट दिसतोही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे प्यारेलाल यांचे ते गुरू. १९७७ च्या सिनेमातला अँथनी त्यांच्यावरूनच आला. पण रेकॉर्डच्या लेबलवर या वादकांचं नाव नसायचं. बऱ्याच वर्षांनी ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांनी या लोकांवर पुस्तकं लिहिली, म्हातारे वादक हयात असताना त्यांना भेटून, तासन् तास ऐकून. तेव्हा कुठे ही नावं आपल्यापर्यंत आली.

इथे मला जे म्हणायचंय ते येतं.

वैमानिकाला पुस्तक मिळतं, धावपट्टी बांधणारीला नाही. संगीतकाराला पुस्तक मिळतं, वादकाला उशिरा आणि नशिबानं मिळतं, लाख काढणाऱ्याला मिळतच नाही. दोन्ही कपाटांतली उणीव सारखीच आहे. आणि गोंदिया दोन्हीकडे त्या उणिवेच्या जागीच उभा आहे. आपण विमान उडवलं नाही, चाल बांधली नाही. आपण जमीन दिली, माती वाहिली, लाख दिली. म्हणून आपलं नाव एका ओळीत आटोपतं.

हा प्रश्न फक्त इतिहासाचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. बिरसीची धावपट्टी युद्धानंतर कितीतरी वर्षं जवळजवळ पडूनच होती. बांधकाम खात्याकडे होती, १९९८ मध्ये एमआयडीसीकडे गेली, डिसेंबर २००५ पासून विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मग विस्तार झाला, धावपट्टी लांबली, वैमानिक प्रशिक्षण आलं. प्रवासी विमान सुरू झालं ते १३ मार्च २०२२ ला, म्हणजे धावपट्टी बांधल्यानंतर ८२ वर्षांनी. तेही काही महिन्यांत थांबलं, मग डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीचं आलं. विमानतळाचं कौतुक मलाही आहे. गोंदियाच्या माणसानं हैदराबादला दोन तासांच्या आत पोहोचावं, यात वाईट काय?

पण विस्तारासाठी पुन्हा जमीन गेली. बिरसीच्या प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे बातम्यांत येतो आहे, निवेदनं आणि आंदोलनं सुरूच असतात. त्यांचं म्हणणं ऐकताना आपण त्याला आजचा वाद समजतो. खरं तर या गावाच्या जमिनीवर पहिली रेघ ८० वर्षांपूर्वी ओढली गेली होती, आणि तेव्हा हरकत घ्यायलासुद्धा जागा नव्हती. पहिल्या रेघेची नोंद नीट असती, तर दुसऱ्या वेळी बोलणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असतं. इतिहासाचा एवढा साधा उपयोग आहे.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. चार कामं सुचतात.

एक. जमिनीचे कागद. त्या काळी आपल्याकडे मालगुजारी होती, ती १९५१ मध्ये संपली. पण अधिकार अभिलेख, जुने फेरफार, निस्तार पत्रक हे कागद तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांत असतात. बिरसी आणि शेजारच्या गावांच्या युद्धापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी कोणा वकील मित्रानं किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्यानं शेजारी ठेवून बघाव्यात. कोणाची किती बांधी गेली, तलाव गेला का, चराई गेली का, हे कळेल.

दोन. म्हातारी माणसं. १९४२ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्या आईनं तिथे गिट्टी वाहिली असेल, बापानं मुकादमी केली असेल, एखाद्यानं रेल्वेत पॉइंट्समन म्हणून फौजी गाड्यांना रस्ता दिला असेल. प्रत्येकाच्या खिशात आता मोबाइल आहे. पोवारीत बोलू द्या, झाडीबोलीत बोलू द्या, गोंडीत बोलू द्या, हिंदीत बोलू द्या. सुधारू नका. रेकॉर्ड करा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. गोव्याच्या वादकांच्या बाबतीत जे झालं ते आपल्याकडे दहा वर्षांनी करता येणार नाही.

तीन. लाखेच्या वह्या. जुन्या व्यापारी घरांत माळ्यावर चोपड्या पडलेल्या असतात. वाळवी लागण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. कोणत्या वर्षी लाखेचा भाव काय होता, माल कुठल्या गावातून आला आणि कुठल्या स्टेशनला बुक झाला, एवढं मिळालं तरी युद्धाचा आलेख निघेल. त्याच घरांत जुन्या रेकॉर्डीही निघतील. फुटलेल्या असल्या तरी फेकू नका.

चार. बिरसीच्या टर्मिनलमध्ये एक फलक लागला पाहिजे. त्यावर धावपट्टी कधी झाली, का झाली, कोणाच्या जमिनीवर झाली, हे मराठीत लिहिलेलं असावं. प्रवासी तिथे अर्धा तास बसून असतो. मोबाइलवर रील बघण्याऐवजी वाचेल कोणीतरी. हा खर्च जिल्हा नियोजनाच्या आराखड्यात कुठेच जाणवणार नाही इतका छोटा आहे. लोकप्रतिनिधी कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांच्याकडे ही मागणी करायला हरकत नाही.

एवढं साहित्य जमलं की पुस्तक लिहिणारा कोणीतरी आपोआप पुढे येईल. त्याला युद्धकथाही आवडत असतील आणि जुनी गाणीही. त्याला कोणी विचारलं की बाबा, विमानं आणि संगीत हे दोन विषय तू एकत्र कसे केलेस, तर त्यानं फक्त गोंदिया स्टेशनचं नाव घ्यावं.

ज्यांच्या घरात बिरसीच्या बांधकामाची, लाखेच्या धंद्याची किंवा बर्माला गेलेल्या माणसाची काही आठवण असेल, त्यांनी खाली लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल. आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या ग्रुपवर ही पोस्ट पुढे जाऊ द्या. ज्याच्याकडे चोपडी आहे तो माणूस बहुतेक आपल्या मित्रयादीत नसतो, मित्राच्या मित्राच्या यादीत असतो.